ब्रेक्झिट होऊन गेलं, मागे काय उरलं? (अनुभव आणि गप्पा)

लेस्टरकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०.४०

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, त्याला २०२६ च्या जूनमध्ये १० वर्षं. वर्तमानपत्रांत लेखांचा पाऊस पडेलच, त्याआधी आपल्या लोकांचं काय झालं ते इथे लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

निमित्त एका कागदाचं. मी लेस्टरमध्ये किराणा मालाच्या एका छोट्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरी करतो. गेल्या आठवड्यात गोदामातलं जुनं कपाट आवरताना २०१९ ची एक डिलिव्हरी नोट सापडली. हाताएवढा पिवळा कागद. त्यावर बॉलपेनने लिहिलंय : पापड ४० पेट्या, जाडे पोहे २५, भाजणी १०, पेढे ६ खोकी. खाली अँटवर्पच्या दुकानाचं नाव, ड्रायव्हरची सही, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग. संपलं. एवढ्यावर आमची व्हॅन पहाटे निघायची, डोव्हरला बोटीत चढायची आणि संध्याकाळी बेल्जियममध्ये रिकामी व्हायची. लेस्टरहून बर्मिंगहॅमला माल पाठवणं आणि अँटवर्पला पाठवणं यांत फरक फक्त डिझेलचा होता.

ब्रिटन कागदोपत्री बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला, पण संक्रमणकाळ २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत होता, त्यामुळे आम्हाला कळ लागली ती १ जानेवारी २०२१ ला. करार जाहीर झाला २४ डिसेंबरला. बाराशेच्या वर पानं, आणि हातात एक आठवडा, तोही नाताळचा. टीव्हीवर 'शून्य जकात, शून्य कोटा' ऐकून आमच्या मालकांनी ऑफिसात जिलबी वाटली होती.

मग पहिली खेप निघाली. कस्टमच्या एजंटाने विचारलं, "माल मूळ कुठला?" म्हटलं, भारतातला. "मग जकात पडेल." अहो, पण करार झालाय ना? झालाय, पण तो ब्रिटनमध्ये *तयार* झालेल्या मालासाठी. भारतातून इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात उतरलेला, तिथे एकदा जकात भरलेला पापड लेस्टरच्या गोदामात महिनाभर राहिला म्हणून ब्रिटिश होत नाही. युरोपात शिरताना त्याची पुन्हा जकात. एकाच पापडाला दोनदा.

पेढ्यांची कथा तर विचारू नका. पेढा म्हणजे दूध, दूध म्हणजे जनावराचं उत्पादन, म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र, आणि त्यावर अधिकृत पशुवैद्यकाची सही. सहा खोकी पेढ्यांसाठी डॉक्टर बोलवायचा. त्याची फी पेढ्यांच्या नफ्यापेक्षा जास्त. पेढे बंद झाले. मग बर्फी, मग तुपातली बिस्किटं. दीड वर्षानं मालकांनी हॉलंडमध्ये एक गाळा भाड्याने घेतला. आता मुंबईहून निघालेला युरोपचा माल थेट रॉटरडॅमला उतरतो, लेस्टरला येतच नाही. आमच्याकडे पॅकिंगला असलेल्या तिघांपैकी दोघांना काम राहिलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, माझा मात्र पगार वाढला. मी आधी साधा डिस्पॅचला होतो. आता 'कस्टम्सचा माणूस' आहे. कमोडिटी कोड पाठ आहेत. ब्रेक्झिटनं ब्रिटनमध्ये कुठला उद्योग खरोखर भरभराटीला आणला असेल तर तो फॉर्म भरण्याचा.

तुमचे अनुभव लिहा. राजकारणावरून मारामाऱ्या नकोत, थोड्या चालतील.

---

खवचट_खार | सोमवार, रात्री ११.०५

पेढे ब्रिटिश की भारतीय, यावर दोन खंडांत चर्चा झाली म्हणजे पेढ्याचं सोनं झालं म्हणायचं. :)

बादवे, माल बॉन्डेड गोदामात ठेवायचा ना. इंग्लंडात जकात न भरता पुढे ढकलता येतो.

---

लेस्टरकर | सोमवार, रात्री ११.२०

@खवचट_खार, येतो की. पण त्याला परवानगी, हमी, वेगळा साठा, वेगळी नोंदवही. मोठ्या कंपनीत या कामाला अख्खा विभाग असतो. आमच्याकडे तो विभाग म्हणजे मी, आणि फोर्कलिफ्टही मीच चालवतो. बाहेर पडल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसला असं जे म्हणतात ना, त्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं. मोठ्यांनी वकील नेमले, छोट्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं.

---

हेझचे_आजोबा | मंगळवार, सकाळी ७.१५

सुप्रभात मंडळी. मी 'बाहेर' म्हणून मत दिलं होतं. आता माराच.

मी १९७३ साली इथे आलो. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरला तोही १९७३ च्या १ जानेवारीला. म्हणजे आम्ही दोघे एकाच वर्षीचे. जून १९७५ मध्ये पहिलं सार्वमत झालं, तेव्हा मी 'राहा' म्हणून शिक्का मारला होता. ६७ टक्के लोकांनी तेच केलं. तेव्हा सांगितलं होतं, ही बाजारपेठ आहे, लोणी-चीज स्वस्त मिळेल. पुढे मास्ट्रिच्टच्या करारानं बाजारपेठेचा युरोपीय संघ झाला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. दुकानात खातं उघडायला गेलो आणि घरी आल्यावर कळलं, की दुकानदाराच्या कुटुंबातच नाव घातलंय.

पण माझं खरं कारण घरचं होतं, तेही सांगतो. माझ्या मुलीच्या लग्नाला माझ्या सख्ख्या बहिणीला व्हिसा मिळाला नाही. दोनदा अर्ज केला. साठीची बाई, गावात घर, शेती, नातवंडं. म्हणे परत जाणार याची खात्री नाही. त्याच वर्षी शेजारच्या घरात युरोपातून आठ मुलगे राहायला आले, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मुलगे चांगले होते, माझं गटार त्यांनीच दुरुस्त करून दिलं. त्यांच्यावर राग नव्हता. पण इतकी वर्षं कर भरणाऱ्याच्या बहिणीला दार बंद आणि बाकीच्यांना सताड उघडं, हे मनाला लागलं होतं. आमच्या हिलिंग्डनमध्ये ५६ टक्के लोकांनी बाहेरच्या बाजूने मत दिलं, त्यात आपल्यासारखे चेहरे पुष्कळ होते. लंडनमध्ये राहणारे सगळे 'राहा'वाले होते हा गैरसमज आहे.

---

पाटी_पेन्सिल | मंगळवार, सकाळी ९.३०

आजोबा, प्रांजळपणे लिहिलंत, आवडलं. एक विचारते, राग मानू नका. बहिणीला मग व्हिसा मिळाला का?

---

हेझचे_आजोबा | मंगळवार, सकाळी १०.०२

नाही. व्हिसाचे ते नियम पहिल्यापासून ब्रिटनचेच होते, ब्रसेल्सचे (म्हणजे युरोपीय संघाचे) नव्हते. हे मला २०१६ नंतर जावयानं समजावलं. बहीण २०१८ ला गेली.

---

म्हापसेकर | मंगळवार, दुपारी १.१०

देव बरें करूं. आजोबांचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमची गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो. लिस्बनला जन्माची नोंद करायची, मग लग्नाची, आणि पासपोर्ट काढायचा. आमच्याकडे गल्लोगल्ली याची कामं करून देणारे एजंट आहेत. पासपोर्ट पोर्तुगालचा, पण पोर्तुगालला कोण जातो? भाषा येत नाही, पगार कमी. २०२० पर्यंत सगळे विमानाने थेट इंग्लंडला. साउथॉल, हाउन्स्लो, आणि सगळ्यात जास्त स्विंडन. माझा थोरला भाऊ २०११ ला गेला. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी, रविवारी कोंकणी मिस्सा, घरात सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं कालवण). दमण-दीवचे लोक याच वाटेनं लेस्टरला गेले, लेस्टरकर सांगतीलच.

आता खरी मजा. २०१६ च्या सार्वमतात मत कुणाला होतं? ब्रिटिश, आयरिश, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना. म्हणजे कालपरवा वर्क व्हिसावर आलेला, भारतीय पासपोर्टवाला पुण्याचा इंजिनिअर मत देऊ शकत होता. माझा भाऊ पाच वर्षं तिथे राबत होता, पण पोर्तुगीज झालेला, म्हणून त्याला मत नाही. भारतीय राहिला असता तर मत मिळालं असतं, पण मग तिथे पोचलाच नसता! ज्याच्या पोटावर पाय येणार त्याला बाहेर बसवून बाकीच्यांनी मतदान केलं.

आणि त्या स्विंडननंही ५५ टक्क्यांच्या आसपास 'बाहेर' म्हटलं. भाऊ सांगतो, दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सुपरवायझर हळूच येऊन म्हणाला, तुमच्याबद्दल नव्हतं हं ते.

---

लेस्टरकर | मंगळवार, दुपारी १.४५

हे मतदानाचं मला माहीत होतं, पण असं समोरासमोर ठेवून कधी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा भारतीय पासपोर्टवरच होतो आणि मत दिलं होतं ('राहा'). आमच्या लेस्टरमध्ये ५१-४९ नं 'राहा' जिंकलं. शेजारच्या दमणच्या कुटुंबाला तेव्हा मत नव्हतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

भावाचं पुढे काय झालं?

---

म्हापसेकर | मंगळवार, दुपारी ३.२०

भावाला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी मिळाली. पाच वर्षं सलग राहिल्याचा पुरावा द्यायचा होता, पगाराच्या नोंदी होत्या, मोबाइलवर पासपोर्ट स्कॅन करून काम झालं. अर्जाची शेवटची तारीख ३० जून २०२१. घोळ माझा झाला. माझी नोंद लिस्बनला अडकलेली, आजोबांच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. एकीकडे 'व्हाज' एका अक्षराने, दुसरीकडे दुसऱ्या. ते निस्तरून पासपोर्ट हातात आला २०२२ ला. तोवर इंग्लंडचं दार बंद. २०२० च्या अखेरीपर्यंत तिथे राहायला न गेलेल्याला पोर्तुगीज पासपोर्ट असो की नसो, कामाचा व्हिसा हवाच.

बरं, पोर्तुगीज झालो म्हणजे भारतीय नागरिकत्व गेलं. दुहेरी चालत नाही. मी आता आयर्लंडला आहे. डब्लिनजवळ. बरा आहे. पण आईला दोन मुलगे दोन देशांत, आणि भावाचं लग्न, बाळंतपण सगळं स्विंडनला. आधी तो पासपोर्ट म्हणजे अख्ख्या घराची शिडी होती. मधलीच पायरी काढून घेतली.

---

मीरा_बेलफास्ट | मंगळवार, रात्री ९.००

आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर माझाही नमस्कार. उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी मंडळ काढायचं ठरवलं तर सतरंजी एकच पुरेल, पण ब्रेक्झिटची सगळ्यात विचित्र गाठ आमच्याच दारात आहे.

१९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर इथली सीमा जवळजवळ पुसली गेली होती. ब्रिटन बाहेर पडला, आयर्लंड संघातच राहिला. म्हणजे मध्ये कुठेतरी कस्टम हवं. जमिनीवर चौकी उभारली तर जुनी जखम उघडी पडेल, म्हणून ती समुद्रात ढकलली. ब्रिटनमधून *ब्रिटनच्याच* भागात येणाऱ्या मालाला कागद. ते चिघळलं, म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत विंडसर आराखडा आला. दरम्यान ब्रिटनशी जोडूनच राहायचं म्हणणाऱ्या डीयूपी पक्षानं दोन वर्षं विधानसभाच चालू दिली नाही.

माझ्या फ्रिजमध्ये या सगळ्याचा सारांश आहे. दुधाच्या बाटलीवर छापलंय : 'नॉट फॉर ईयू'. विरजण लावताना रोज दिसतं. मुलगी विचारते, आई, हे दूध युरोपला गेलं तर काय होईल? काय सांगू? दही होईल.

आणि माणसांचं त्याहून गमतीदार. बेलफास्टहून डब्लिनला जाताना सीमा कुठे लागली ते कळतही नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर होतात. ब्रिटिश आणि आयरिश माणूस चालत जाऊ-येऊ शकतो. पण माझ्यासारखी, भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनचा वर्क व्हिसा असलेली बाई? मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. अडवणारं कुणी उभं नसतं, पण बसमध्ये मधूनच पोलीस चढतात आणि बरोबर आपल्याच रंगाच्या माणसाकडे कागद मागतात. ऑफिसातल्यांनी शनिवारी पलीकडे समुद्रावर जायचं ठरवलं की मी म्हणते, पाठ दुखतेय.

हा शेवटचा भाग ब्रेक्झिटचा नाही, आधीपासूनचा आहे. पण 'सीमा नको' म्हणून जगभर जी चर्चा झाली ती कुणासाठी सीमा नको याची होती, ते इथे राहून कळतं.

---

म्हापसेकर | मंगळवार, रात्री ९.१८

@मीरा_बेलफास्ट, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर मी डब्लिनला काम करतो, आणि तुम्ही दोन तासांवर असून जेवायला येऊ शकत नाही. मीच येतो. माशे घेऊन.

---

खवचट_खार | मंगळवार, रात्री ९.२५

मासे कुठल्या पाण्यातले, प्रमाणपत्र आणा.

---

गणिती | बुधवार, सकाळी ८.५०

धागा छान चाललाय. दोन-तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण 'सगळं ब्रेक्झिटमुळे' आणि 'काहीच ब्रेक्झिटमुळे नाही' या दोन्ही बाजूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काही फिरतं.

नुकसानीचा नेहमी दिला जाणारा आकडा ४ टक्के. हा ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या ओबीआर या सरकारी पण स्वतंत्र संस्थेचा अंदाज आहे. त्याचा अर्थ अर्थव्यवस्था दरवर्षी ४ टक्क्यांनी घटते असा नाही. आत राहिले असते तर उत्पादकता जिथे पोचली असती, त्यापेक्षा दीर्घकाळात ती ४ टक्के खाली राहील, असा आहे. म्हणूनच रस्त्यावरच्या माणसाला तो दिसत नाही. न झालेला पगारवाढीचा कागद कुणाच्या हातात पडत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंटमध्ये हजारो ट्रक अडकले होते आणि ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातून ड्रायव्हरांना जेवण गेलं, त्याचे फोटो आजही 'ब्रेक्झिटची रांग' म्हणून फिरतात. ती रांग कोविडच्या नव्या विषाणूमुळे फ्रान्सनं सीमा बंद केल्याची होती. याउलट सप्टेंबर २०२१ ला पेट्रोलपंप कोरडे पडले त्यात ट्रकचालकांच्या तुटवड्याचा मोठा हात होता. तुटवडा युरोपभर होता, पण ब्रिटनला पोलंड-रोमानियातून माणसं पटकन बोलावण्याची सोय उरली नव्हती. शेवटी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर करावे लागले आणि टँकर चालवायला लष्कर आलं.

टाटांचा विषय निघेलच. जग्वार लँड रोव्हरनं स्लोव्हाकियात कारखाना काढायचं ठरवलं ते २०१५ ला, सार्वमताआधी. वेल्समधल्या टाटांच्या पोर्ट टॅलबट पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२४ ला विझल्या त्याला पोलादाचे भाव, वीज आणि कार्बन ही कारणं मोठी. आणि लस : 'बाहेर पडलो म्हणून लस आधी मिळाली' हेही अर्धंच खरं. २ डिसेंबर २०२० ला मंजुरी मिळाली तेव्हा संक्रमणकाळ चालू होता, युरोपचाच कायदा लागू होता आणि त्यातल्याच आणीबाणीच्या तरतुदीखाली ती दिली होती. खरेदी मात्र त्यांनी स्वतंत्र केली, तेवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

---

हेझचे_आजोबा | बुधवार, सकाळी ९.४०

@गणिती, 'बाहेर'वाल्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलेले, युरोपीय संघाला दर आठवड्याला जाणारे ३५ कोटी पाऊंड राहिले.

---

गणिती | बुधवार, सकाळी ९.५५

काका, ते तुम्हीच काढलंत! तो आकडा पंतप्रधान असताना थॅचरबाईंनी वर्गणीत मिळवलेली सवलत वजा न करता छापलेला होता. ती रक्कम ब्रिटनमधून कधी बाहेरच जात नव्हती. आकडेवारीच्या सरकारी प्राधिकरणानं तेव्हाच 'दिशाभूल करणारा' म्हटलं होतं, पण बस काही थांबली नाही.

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, दुपारी १२.३०

आमच्या शिवारातून बघाल तर जरा वेगळं दिसतं. आम्ही द्राक्ष युरोपला पाठवतो, जानेवारी ते एप्रिल. न्हावा शेव्यातून रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर. आधी रॉटरडॅमला उतरलेला माल तिथला आयातदार मागणी बघून इकडे-तिकडे फिरवायचा. जर्मनीत भाव पडला की चार दिवसांत लंडनच्या बाजारात. आता ब्रिटनचा माल ब्रिटनचा, युरोपचा युरोपचा. पॅकहाउसमध्येच ठरवावं लागतं. एकदा कंटेनर निघाला की भाव पडला तरी हात चोळत बसायचं.

दुसरं म्हणजे फळात उरणारे फवारणीच्या औषधांचे अंश. २०१० ला क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे आमचे कंटेनर अडकले होते, कित्येक घरं त्या वर्षी बसली, ती आठवण आजही अंगावर काटा आणते. तेव्हापासून युरोपची यादी आम्हाला पाठ. आता ब्रिटननं आपली यादी वेगळी केली. सुरुवातीला युरोपचीच उचलली होती, पण पुढचे बदल दोन्हीकडे वेगवेगळे. उत्तर आयर्लंडला परत युरोपचीच. फवारणीच्या वेळापत्रकात जो कडक नियम असेल तो धरायचा आणि गप्प बसायचं.

पण खरं सांगू का, आमचं जास्त नुकसान केलं लाल समुद्रानं. तिथे हल्ले व्हायला लागल्यानं २०२३ च्या डिसेंबरपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त. देठ सुकला की सुपरमार्केट हात लावत नाही. त्यापुढे ब्रेक्झिट म्हणजे पायात रुतलेला काटा. दुखतो, पण चालता येतं.

---

हेझचे_आजोबा | बुधवार, दुपारी २.१५

आणि हापूस? १ मे २०१४ ला युरोपनं हापूसवर बंदी घातली होती, फळमाशी सापडली म्हणून. वर अळूची पानं, कारली, पडवळ, वांगी. इथे भाजीवाल्याकडे अळू मिळेना, गणपतीत ऋषीची भाजी अळूशिवाय केली आम्ही. निर्णय ब्रसेल्सचा, आंबा खाणारे आम्ही! ब्रिटनला विचारलं असतं तर बंदी घातली असती का? मत देताना हेही डोक्यात होतं, हसू नका.

---

निफाडचा_बागायतदार | बुधवार, दुपारी २.५०

हसत नाही काका. पण आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, ब्रेक्झिटआधीच. उठली ती वाशीला गरम पाण्याची प्रक्रिया सुरू झाली म्हणून. ४८ अंशाच्या पाण्यात तासभर. आणि ब्रिटन बाहेर पडला तेव्हा युरोपचे ते नियमच आपल्या कायद्यात घालून बसला. माशीला सार्वमत कळत नाही.

---

पुण्याची_आई | बुधवार, रात्री १०.१०

मी फक्त वाचत होते, पण आता लिहिते. माझा मुलगा २०२२ च्या सप्टेंबरला गेला, मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात. तेव्हा सगळे म्हणत होते, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनला आपली मुलं हवी आहेत. खोटं नव्हतं. २०२१ पासून शिक्षण संपल्यावर दोन वर्षं नोकरी शोधायची मुभा होती. युरोपची मुलं आमच्याएवढीच फी भरायला लागल्यामुळे यायची थांबली, त्या जागा आपल्या मुलांनी भरल्या. फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं.

मग नियम पळायला लागले. स्किल्ड वर्कर व्हिसाला कमीत कमी पगार २६,२०० पाऊंड होता, तो २०२४ च्या एप्रिलमध्ये ३८,७०० झाला, २०२५ च्या जुलैमध्ये ४१,७००. नव्या मुलांना थोडी सूट असते, तरी त्याच्या कंपनीनं हात वर केले. कंपनी वाईट नव्हती, साहेबानं स्वतः फोन करून सांगितलं म्हणे. डिसेंबरमध्ये तो परत आला. विमानतळावर त्याच्या बॅगेत माझाच कुकर होता, तो जाताना मी दिलेला. शिटी हरवलेली.

कर्जाचे हप्ते चालू आहेत. मला राग कुणावर काढावा कळत नाही.

---

लेस्टरकर | बुधवार, रात्री १०.४५

ताई, वाईट वाटलं. तुमचा मुलगा एकटा नाही, एवढंच सांगतो. ज्यांनी 'परदेशी कमी करा' म्हणून मत दिलं त्यांना झालं काय तर युरोपचे लोक परत गेले आणि त्यांच्या जागी आपण, नायजेरियन, फिलिपिनो आलो. रुग्णालयात पोलंडच्या नर्सच्या जागी केरळची नर्स. वृद्धाश्रमात मदतनीस हवेत म्हणून २०२२ ला केअर व्हिसाचं दार उघडलं. निव्वळ स्थलांतराचा आकडा २०२३ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या पुढे गेला, सार्वमताच्या वेळच्या दुपटीहून जास्त. मग ओरड झाली आणि दार आपटलं. आधी कुटुंब आणायची बंदी, २०२५ ला परदेशातून केअर कामगारांची भरतीच बंद. तुमचा मुलगा त्या उघडझापेत सापडला.

---

म्हापसेकर | बुधवार, रात्री ११.००

उघडझाप नाही हो. भरती-ओहोटी. आमची ओहोटी ती तुमची भरती.

---

हेझचे_आजोबा | गुरुवार, सकाळी ६.५०

रात्री झोप आली नाही. पुण्याच्या ताईंचं वाचून बहिणीची आठवण झाली.

म्हापसेकर, तुमच्या भावाबद्दल मी मत दिलं तेव्हा विचार केला नव्हता. माझ्या डोळ्यासमोर ती आठ मुलं होती, आणि खरं तर तीही नव्हती, बहिणीच्या नकाराचं पत्र होतं. आज परत मतदान झालं तर काय करीन ते सांगता येत नाही. संघ मला अजूनही पटत नाही. भारताशी स्वतंत्र करार झाला, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तो आत राहून झाला नसता हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. पण ज्या कारणानं मी शिक्का मारला ते कारण त्या कागदावर नव्हतंच.

तुमचा भाऊ लंडनला आला तर हेझला पाठवा. सोरपोतेल मी खात नाही, पण बायको कोलंबीचं हुमण करते.

---

गणिती | गुरुवार, सकाळी ९.१०

काका, करार स्वतंत्र झाला हे मान्य, आणि तो बाहेर पडल्याचा खराखुरा फायदा आहे. स्कॉचवरची १५० टक्के जकात आधी निम्मी आणि दहा वर्षांत ४० वर येणार, आपल्या कापड-चामड्याला तिकडे दार उघडणार. पण ब्रिटनच्या व्यापारात भारताचा वाटा बघा आणि युरोपचा बघा. गल्लीतल्या वाण्याशी भांडून मुंबईतल्या वाण्याशी दोस्ती केल्यासारखं आहे. दोस्ती चांगली, पण रोजचं दूध कुठून आणणार? म्हणून तर मे २०२५ ला परत युरोपशी बोलणी करून अन्नपदार्थांचे नियम जुळवायचं ठरवलं, आणि बदल्यात मासेमारीची मुभा युरोपला आणखी १२ वर्षं दिली. ज्या माशांसाठी एवढा कंठशोष केला होता, ते मासे.

---

खवचट_खार | गुरुवार, सकाळी ९.३०

माशांवरून बाहेर पडणारा पहिला ग्रीनलँड, १९८५ ला. त्यांनी निदान मासे तरी घेतले.

---

पाटी_पेन्सिल | गुरुवार, दुपारी १२.००

जड झालं वातावरण. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. मी वेम्बलीला, बहीण आइंडहोवनला. २०२० च्या दिवाळीपर्यंत मी तिला फराळाचा खोका पोस्टानं पाठवायचे. २०२१ ला पाठवला तो परत आला, उघडलेला, वर डच भाषेत चिठ्ठी, आणि बेसनाचे लाडू गायब. त्या वर्षी हॉलंडमध्ये कस्टमवाल्यांनी ट्रकवाल्यांची हॅम सँडविचं काढून घेतल्याचं टीव्हीवर बघून हसले होते, तीच गत झाली. नक्की काय चालतं हो?

---

लेस्टरकर | गुरुवार, दुपारी १२.२५

हे माझं खातं. :) मांस आणि दुधाचे पदार्थ खाजगी पार्सलमधूनसुद्धा नाही. म्हणजे पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या बाद. तूप हेही दुधाचंच, त्यामुळे तुपातल्या लाडवांवर फुली. चिवडा चालेल, तेलातला. चकली चालेल, मोहन लोण्याचं नसेल तर. खोक्यावर 'होममेड स्नॅक्स' असं मोघम लिहू नका, एकेक पदार्थ आणि त्यात काय आहे ते लिहा, किंमत टाका. शून्य लिहिलंत तर संशय येतो.

---

पाटी_पेन्सिल | गुरुवार, दुपारी १२.४०

शंकरपाळे डालड्यातले केले तर?

---

लेस्टरकर | गुरुवार, दुपारी १२.४३

दूध न घालता भिजवणार असाल तर जातील. चवीचं मी सांगू शकत नाही.

---

पाटी_पेन्सिल | गुरुवार, दुपारी १२.५०

आणि अनारसे?

---

हेझचे_आजोबा | गुरुवार, दुपारी १.०५

अनारसे तुपात तळायचे असतात. तेलातले पाठवण्यापेक्षा बहिणीलाच बोलवा इकडे. युरोपातून आहे, तिला येऊ देतील.